गाडी आली, पण पेट्रोल कुठंय? युद्धानंतरच्या ऑस्ट्रेलियाची मोटारगोष्ट

मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगचे डोंगर आहेत. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्या टेकड्याच वाटतील. तिथल्या वळणावळणाच्या रस्त्यावर, भर पावसात, मी एकदा आमच्या शेजारच्या आजोबांच्या १९५४ च्या होल्डन गाडीत बसलो होतो. सपाटीवर वायपर बरे चालत होते. चढ लागला, आजोबांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि वायपर दमत दमत काचेच्या मधोमध येऊन थांबले. समोरचं काही दिसेना. मी दाराची कडी घट्ट धरली. आजोबांनी शांतपणे क्षणभर पाय उचलला, वायपरने घाईघाईत दोन-तीन हात मारले, पुढचं वळण दिसलं, पाय पुन्हा खाली. चढ संपेपर्यंत हाच खेळ.

झालं असं की या वायपरला स्वतःची मोटरच नाही. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीला एक नळी जोडून तिच्यावर वायपर हलवलेले. ॲक्सिलरेटर मोकळा असतो तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद असते, त्यामुळे ओढ जोरात. पूर्ण दाबला की वाट सताड उघडते आणि ओढ नाहीशी होते. म्हणजे गाडीला जोर लागेल नेमकं तेव्हाच ड्रायव्हर आंधळा. बरं, इंडिकेटरही नाहीत, वळायचं तर हात खिडकीबाहेर काढायचा. हीटर नाही. आणि अशी गाडी इथल्या एका अख्ख्या पिढीच्या गळ्यातला ताईत होती.

मला या कौतुकाचं कोडं बरेच दिवस पडलं होतं. थोडं खोदल्यावर लक्षात आलं की ही गोष्ट गाडीची कमी आणि डॉलर, कर, बँका आणि निवडणुकांची जास्त आहे.

आधी युद्धापूर्वीची स्थिती. ऑस्ट्रेलियात गाड्या होत्या, पण गाडी 'बनत' नव्हती. इंजिन, चेसिस, चाकं असा सांगाडा अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून यायचा आणि त्यावर पत्र्याची बॉडी इथे चढायची. याची सुरुवातही मजेशीर आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जहाजांवर जागा कमी पडू लागली. तयार गाडी म्हणजे निम्मा पोकळ डबा, तिने जहाजात जागा किती अडवावी? म्हणून सरकारने तयार बॉड्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. ॲडलेडमध्ये १८५६ पासून घोड्यांची खोगिरं बनवणारं होल्डन नावाचं घराणं होतं. त्यांच्या पुढच्या पिढीने ही संधी पकडली आणि मोटारींच्या बॉड्या बनवायला घेतल्या. खोगिरापासून मोटारीच्या गादीपर्यंतचा प्रवास तसा सरळच आहे. १९३१ मध्ये, मंदीच्या तडाख्यात, अमेरिकेच्या जनरल मोटर्सने ही कंपनी आपल्यात घेतली आणि जनरल मोटर्स-होल्डन उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धाने देशाला जबर धक्का दिला. जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले आणि इंग्लंड मदतीला धावेल हा भरवसा सिंगापूर पडलं तेव्हाच संपला होता. त्या काळात मोटारींच्या कारखान्यांनी विमानांची इंजिनं आणि सुटे भाग बनवले. त्यातून सरकारला दोन गोष्टी उमगल्या. इंजिन ओतण्या-घडवण्याची कला आपल्या कामगारांना जमते, हे एक. आणि मोटारीचा कारखाना असेल तर उद्या गरज पडली की तोच शस्त्रांचा कारखाना होतो, हे दुसरं. शिवाय सैन्यातून परतणाऱ्या लाखो माणसांना काम हवंच होतं. म्हणून १९४४ मध्ये, लढाई चालू असतानाच, सरकारने मोटार कंपन्यांना विचारलं: संपूर्ण गाडी इथेच बनवायला कोण तयार आहे?

होल्डनचे मॅनेजिंग डायरेक्टर होते लॉरेन्स हार्टनेट. मूळचे इंग्रज, बोलण्यात वाकबगार आणि ऑस्ट्रेलियन गाडीच्या स्वप्नाने झपाटलेले. त्यांनी डेट्रॉइटच्या मालकांना, म्हणजे जनरल मोटर्सला, पटवलं. मालक हो म्हणाले, पण आम्ही नवे पैसे घालणार नाही या अटीवर. मग पैसे कुठून आले? ऑस्ट्रेलियन बँकांकडून. सरकारी कॉमनवेल्थ बँकेने २५ लाख पौंड दिले आणि बँक ऑफ ॲडलेडने ५ लाख.

आराखडाही नवा नव्हता. युद्धाच्या सुमारास जनरल मोटर्सने अमेरिकेसाठी एक छोटी गाडी आखून बासनात बांधून ठेवली होती, कारण अमेरिकन गिऱ्हाइकाला छोटी गाडी नको होती. तोच आराखडा झटकून पुढे केला गेला. हार्टनेटना गाडीचं रूप ऑस्ट्रेलियात ठरावं असं वाटत होतं. डेट्रॉइटने ऐकलं नाही. खटके उडाले आणि १९४६ च्या अखेरीस, गाडी बाजारात येण्यापूर्वीच, हार्टनेट बाहेर पडले. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाची ॲल्युमिनियमची गाडी काढून पाहिली, पण पत्र्याचे भाग वेळेवर मिळेनात आणि जेमतेम शंभरेक गाड्यांवर तो प्रयोग आटोपला. आणखी काही वर्षांनी याच गृहस्थांनी जपानी डॅटसन ऑस्ट्रेलियात आणायला हातभार लावला. ज्याने देशी गाडीचा पाळणा हलवला त्यानेच तिच्या स्पर्धकाला दार उघडून दिलं.

तर हिशेब असा झाला: आराखडा अमेरिकन, कर्ज ऑस्ट्रेलियन, घाम ऑस्ट्रेलियन, नफा पुन्हा अमेरिकन. आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत 'ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी'. पुढे कंपनीचे नफे डोळ्यांत भरण्याइतके वाढले आणि लाभांश अमेरिकेला जाऊ लागला तेव्हा या 'स्वतःची' शब्दावरून बरीच बोंबाबोंब झाली. मला मात्र हा सौदा तितका वाईट वाटत नाही. साचे, यंत्रं, शिकलेले कामगार आणि सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने, हे सगळं इथेच राहिलं.

याच्याशी मुंबईचाही थोडा संबंध आहे. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्यांची जोडणी करत होती, म्हणजे युद्धापूर्वीच्या ऑस्ट्रेलियासारखंच काम. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनेही तोच प्रश्न टाकला: नुसती जोडणी करणार की पूर्ण गाडी इथेच बनवणार? शिवडीचं उत्तर नाही असं आलं आणि १९५४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. मैदान कुर्ल्याच्या प्रीमियर आणि कोलकात्याच्या हिंदुस्तान मोटर्सला मोकळं झालं. एकाच कंपनीची एकाच प्रश्नाला दोन देशांत दोन उत्तरं. ऑस्ट्रेलियात गिऱ्हाईक तयार होतं, आपल्याकडे ते दिसत नव्हतं, एवढाच फरक.

२९ नोव्हेंबर १९४८. मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड कारखान्यात पंतप्रधान बेन चिफली यांनी पहिली होल्डन जगाला दाखवली. 'शी इज अ ब्यूटी' हे त्यांचे उद्गार इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. चिफली स्वतः राजकारणात येण्यापूर्वी रेल्वेचं इंजिन चालवायचे. आगगाडीच्या ड्रायव्हरने मोटारीचं उद्घाटन करावं यातली गंमत त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आली असेल की नाही कोण जाणे.

गाडीचं कागदोपत्री नाव ४८-२१५, लोक तिला नंतर एफएक्स म्हणू लागले. किंमत करासकट ७३३ पौंड, म्हणजे साध्या कामगाराचा दीड वर्षाहून जास्त पगार. तरीही गाडी न पाहता जवळपास १८ हजार लोकांनी आधीच नाव नोंदवलं होतं.

एवढं काय होतं तिच्यात? हे समजायला आधी इथला रस्ता समजून घ्यावा लागतो. देशाचं क्षेत्रफळ एवढं की त्यात पंचवीस महाराष्ट्र मावतील, आणि १९४७ च्या जनगणनेत माणसं सुमारे पाऊण कोटी. एवढ्या माणसांच्या करातून एवढ्या लांबीचे डांबरी रस्ते होणार कसे? शहरं सोडली की माती आणि खडी. अशा रस्त्यावर चाकं वर्षानुवर्षं उड्या मारतात आणि पृष्ठभागावर आडव्या लाटा उठतात, घरावरच्या पन्हळी पत्र्यासारख्या. हळू गेलात तर प्रत्येक लाटेत चाक उतरतं आणि दातावर दात आपटतात. म्हणून इथले जुने ड्रायव्हर वेग वाढवून लाटांच्या माथ्यामाथ्यावरून तरंगत जातात. हादरे कमी होतात, पण ब्रेक मारला तर गाडी कुठे जाईल याचा भरवसा नाही. जोडीला धूळ. आतल्या मुलुखात ती टाल्कम पावडरसारखी मऊ असते आणि दाराच्या फटीतून, डिकीतून, जिथून मिळेल तिथून आत शिरते.

आता बाजारात काय होतं ते पाहा. इंग्लंडहून येणाऱ्या मॉरिस, ऑस्टिन या गाड्या नीटनेटक्या, पण त्यांच्या गावच्या गल्ल्यांसाठी आखलेल्या. त्या साली आलेल्या मॉरिस मायनरचं इंजिन हजार सीसीचंही नव्हतं. अशा गाडीने चारशे मैल मातीतून धाव घेतली की काहीतरी सैल होऊन पडायचंच. दुसरीकडे अमेरिकन गाड्या दणकट, पण पेट्रोल पिणाऱ्या. होल्डन नेमकी मधोमध आली. सुमारे २.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ६० अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आसपास, तीन गिअर, पुढे-मागे सलग बाकासारख्या सीटा, म्हणजे नवरा-बायको आणि चार पोरं दाटीवाटीने बसणार.

वजन कमी राहिलं त्याचं कारण तिला वेगळी चेसिस नव्हती. जुन्या पद्धतीत खाली बैलगाडीच्या साटीसारखा जाड लोखंडी सांगाडा आणि वर पत्र्याचं घर ठेवलेलं असायचं. होल्डनमध्ये पत्र्याचं घर हाच सांगाडा. रिकामी काडेपेटी घेऊन पिळून पाहा. कागद एवढासा, पण घड्यांमुळे ती सहज वाकत नाही. तीच युक्ती. इंजिनाला राखाडी रंग दिलेला म्हणून त्याचं नावच 'ग्रे मोटर' पडलं. ते इतकं साधं होतं की शेतकरी स्वतःच्या गोठ्यात उघडून बसवू शकत असे. आमचे आजोबा अजूनही स्वतःच करतात. त्यांच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची फरशी दिसते, इतकी मोकळी जागा. माझ्या आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि ते काढलं की दुसरं.

पण गाडी आली म्हणून ती चालवता येत होती असं नाही, कारण पेट्रोल रेशनवर होतं.

१९४० पासून ऑस्ट्रेलियात पेट्रोलची कुपनं चालू होती. युद्धात ते समजण्यासारखं होतं. काहींनी तर गाडीला कोळशाच्या गॅसची शेगडी जोडून दिवस काढले होते. पण लढाई संपून तीन-चार वर्षं झाली तरी कुपनं का? पेट्रोलचा खरंच दुष्काळ होता म्हणून नाही. दुष्काळ डॉलरचा होता.

ते असं. ऑस्ट्रेलिया, आपण आणि ब्रिटिश साम्राज्यातले बहुतेक देश 'स्टर्लिंग क्षेत्रा'त होतो. घरातल्या सगळ्या भावांनी आपली परकी कमाई थोरल्याच्या पेटीत टाकायची आणि लागेल तेव्हा त्याच्याकडून मागून घ्यायची, असा तो एकत्र कुटुंबाचा व्यवहार. थोरला म्हणजे लंडन. ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला लोकर विकली की डॉलर लंडनच्या पेटीत जायचे. पेट्रोल घ्यायचं तर बऱ्याच अंशी डॉलर मोजावे लागायचे, म्हणजे पेटीतून काढावे लागायचे. आणि युद्धाने कफल्लक झालेल्या थोरल्याच्या पेटीत होतंच काय? चिफलींचं म्हणणं असं की इंग्लंडच्या पोटाला चिमटा बसत असताना आपण रविवारच्या सहलीसाठी डॉलर जाळू नयेत. म्हणून कुपनं चालूच.

१९४९ च्या जूनमध्ये उच्चतम न्यायालयाने सांगून टाकलं की युद्धकाळच्या अधिकारांवर चाललेलं हे रेशनिंग आता बेकायदा आहे. लोक पंपांवर तुटून पडले, कुणी पिंपं भरून ठेवली आणि थोड्याच महिन्यांत पंप कोरडे. चिफलींनी राज्यांना हाताशी धरून नोव्हेंबरमध्ये रेशनिंग परत आणलं. निवडणूक १० डिसेंबरला! राजकारणात मुरलेल्या माणसाने असं कसं केलं, हे मला अजून कळलेलं नाही. तत्त्वाला चिकटून राहिला म्हणावं तर तेही खरं. विरोधी रॉबर्ट मेंझीस आणि त्यांचे साथीदार आर्थर फॅडन यांनी सरळ सांगितलं, आम्ही आलो की कुपनं बंद. ते आले. बँकांच्या राष्ट्रीयीकरणासारखी इतर कारणंही होती, पण पेट्रोलने मतं हलवली हे सगळेच मान्य करतात. फेब्रुवारी १९५० मध्ये रेशनिंग उठलं. ज्याने गाडी दिली तो पेट्रोलपायी गेला आणि त्या गाडीच्या राज्यात मेंझीस १९६६ पर्यंत पंतप्रधान राहिले.

डॉलरचा प्रश्न मात्र जादूने सुटला नव्हता. त्याच वर्षी जागतिक बँकेकडून १० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं गेलं. मग कोरियाच्या युद्धात लोकरीचे भाव आभाळाला भिडले, आयात बेसुमार वाढली, भाव कोसळले तशी तिजोरी रिकामी झाली आणि मार्च १९५२ मध्ये सरकारने आयातीवर परवाने लावले. परदेशी गाडी आणायची तर परवाना हवा. फायदा कुणाचा? ज्याची गाडी इथे बनते त्याचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी चारांहून जास्त होल्डन होत्या. गाडी चांगली होतीच, पण स्पर्धकांचे हात बांधलेले होते हेही विसरून चालणार नाही.

लोकांनी एवढे पैसे आणले कुठून? हप्त्यावर. त्या पद्धतीला इथे 'हायर परचेस' म्हणत. नावातच खुबी आहे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी तुमची नसते, तुम्ही ती भाड्याने वापरत असता. हप्ते थकले की कर्ज देणारी कंपनी येऊन गाडी घेऊन जाते. व्याजाची मेख आणखी पुढे. समजा ४०० पौंड तीन वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतले. वर्षाला ३२ पौंड व्याज, तीन वर्षांचे ९६. पण तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता. तिसऱ्या वर्षी सरासरी शंभर पौंडसुद्धा उरलेले नसतात, तरी व्याज पूर्ण ४०० वरच लागतं. म्हणजे कागदावर ८, प्रत्यक्षात जवळपास दुप्पट. मोठ्या बँकांवर सरकारचे निर्बंध होते, या कंपन्यांवर तितके नव्हते. तेव्हा बँकांनी हळूच या कंपन्यांतच भागीदारी घेतली.

हप्त्यांचा हा फुगा सरकारने नोव्हेंबर १९६० मध्ये टाचणी लावून फोडला. कर्जं आवळली आणि गाड्यांवरचा विक्रीकर ३० टक्क्यांवरून ४० केला. गाड्या शोरूममध्ये पडून राहिल्या, कारखान्यांतून कामगार घरी बसवले गेले. तीनच महिन्यांत कर पुन्हा खाली आणला, पण व्हायचं ते झालं होतं. डिसेंबर १९६१ च्या निवडणुकीत मेंझीस अगदी केसाच्या अंतराने वाचले.

हे कामगार कोण होते, तेही सांगायला हवं. युद्धानंतर सरकारने माणसं आणण्याची मोठी मोहीम काढली. आधी युरोपातले बेघर निर्वासित आले, त्यांना सरकार सांगेल तिथे दोन वर्षं काम करावं लागे. मग इटालियन, ग्रीक, माल्टाचे, युगोस्लाव्ह. जोडणीच्या पट्ट्यावर उभं राहून दिवसभर एकच बोल्ट आवळायचं काम इथल्या जुन्या रहिवाशांना नको असायचं, ते या मंडळींच्या वाट्याला आलं. ॲडलेडच्या उत्तरेला १९५५ मध्ये एलिझाबेथ नावाचं शहरच वसवलं गेलं, तिथे इंग्लंडहून आलेली कुटुंबं भरली आणि होल्डनचा मोठा कारखाना उभा राहिला. आपल्यासारख्यांना मात्र तेव्हा 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणामुळे दार जवळपास बंदच होतं. म्हणजे तेव्हा आजोबांच्या शेजारी मी राहायला येण्याची शक्यता शून्य.

घराघरांत गाडी आली तसा गावांचा आकार बदलला. पूर्वी घर ट्रामपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं असायचं. आता ती अट गळाली आणि वस्त्या चहूकडे पसरल्या. ब्रिस्बेनला १९५७ मध्ये चर्मसाइडचं आणि मेलबर्नला १९६० मध्ये चॅडस्टनचं बाजार-संकुल उघडलं, दोन्हीकडे दुकानांइतकीच गाड्या लावायच्या जागेची जाहिरात. १९५४ पासून गाडीत बसून सिनेमा पाहायची सोय झाली. सिडनीने फेब्रुवारी १९६१ मध्ये शेवटची ट्राम बंद केली. मेलबर्नने ठेवली, आणि आज सिडनी अब्जावधी खर्चून पुन्हा रूळ टाकतेय. रेल्वेचीही तऱ्हा अशी की राज्याराज्यांत रुळांची रुंदी एकसारखी नव्हती. १९६२ पर्यंत सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या प्रवाशाला सरहद्दीवरच्या ऑल्बरीला उतरून, सामान घेऊन, दुसऱ्या गाडीत चढावं लागे. मग माणूस मोटार घेणार नाही तर काय?

गाडी किती टिकाऊ, याची जाहीर परीक्षाही व्हायची. रेडेक्स नावाच्या, इंधनात घालायचं द्रव्य विकणाऱ्या कंपनीने १९५३ मध्ये देशाच्या मोठ्या भागाला वळसा घालणारी साडेसहा हजार मैलांची शर्यत भरवली. लोकांच्या दारात असतात तशाच गाड्या त्यात उतरल्या. नद्या-ओढे ओलांडत, धुळीत रुतत, मोडलेले पाटे तारेने बांधत. रस्त्यांवर बघ्यांची जत्रा. जिंकली फ्रेंच पुजो. १९५४ मध्ये जॅक मरे यांनी जुन्या फोर्डने जिंकली. हे गृहस्थ वाटेत गंमत म्हणून सुरुंगाच्या कांड्या उडवायचे, म्हणून 'जेलिग्नाइट जॅक'. १९५५ मध्ये फोक्सवॅगन बीटल पहिली आली आणि त्यानंतर त्या ढेकणाएवढ्या गाडीला गिऱ्हाइकांची रांग लागली. देशी अभिमान वगैरे ठीक, पण शर्यतीत गाडी मोडत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की माणूस तीच घेतो.

फोर्डला हा धडा महागात पडला. १९६० मध्ये त्यांनी अमेरिकेत आखलेली फाल्कन मेलबर्नजवळ ब्रॉडमेडोजला बनवायला घेतली. दिसायला होल्डनपेक्षा कितीतरी ठेंगणी, देखणी. पण पुढच्या चाकांचे बॉलजॉइंट, म्हणजे चाकं वळू देणारे सांधे, इथल्या लाटाळ रस्त्यांवर झिजू लागले, आणि बाजारात एकदा नाव खराब झालं की झालं. गाडी सुधारत नेल्यावर १९६५ मध्ये कंपनीने सगळी पत मातीत मिळण्याचा धोका पत्करून एक उद्योग केला. यू यँग्ज डोंगराजवळच्या आपल्या चाचणी मैदानावर, पत्रकारांच्या देखत, पाच फाल्कन रात्रंदिवस पळवल्या: एकूण ७०,००० मैल, सरासरी वेग ताशी ७० मैलांच्या वर. रस्ता इतका वाकडातिकडा की गाड्या कठड्यांवर आदळल्या, उलटल्या. पत्रा ठोकून, टायर बदलून त्या परत सोडल्या. नऊ दिवसांत आकडा गाठला. शेवटी गाड्या भंगारातून आणल्यासारख्या दिसत होत्या आणि त्यानेच लोकांचा विश्वास बसला.

वेग वाढला तशी माणसंही मरू लागली. १९६९ मध्ये एकट्या व्हिक्टोरिया राज्यात १,०३४ जण रस्त्यावर गेले. मेलबर्नच्या एका वर्तमानपत्राने त्या आकड्याविरुद्धच युद्ध पुकारलं, शल्यचिकित्सकांच्या संघटनेने जोर लावला आणि डिसेंबर १९७० मध्ये व्हिक्टोरियाने सीटबेल्ट बांधणं सक्तीचं केलं, जगात पहिल्यांदा. त्या वर्षी देशभरात ३,७९८ मृत्यू झाले. तो इथला उच्चांक. आज लोकसंख्या दुपटीहून अधिक आहे आणि मृत्यू त्याच्या निम्म्याहूनही खूप कमी.

आणि कारखाने? १९६० च्या दशकाच्या मध्याला सरकारने नवा नियम आणला: पाच वर्षांत गाडीचा ९५ टक्के भाग इथलाच झाला पाहिजे. ऐकायला छान. पण पत्रा दाबायचा एक साचा महागडा असतो, त्यातून दोन लाख दारं काढलीत तर दारामागे खर्च किरकोळ, वीस हजारच काढलीत तर दहापट. एवढ्याशा बाजारात होल्डन, फोर्ड, क्रायसलर, ब्रिटिश कंपनी आणि मागून जपानी, सगळेच साचे मांडून बसले. टोयोटाने तर १९६३ मध्येच मेलबर्नला गाड्यांची जोडणी सुरू केली होती. आयातकराची भिंत उंच होती तोवर सगळ्यांचं भागलं. १९८० च्या दशकापासून ती पायरी पायरीने उतरवली गेली. २०१६ मध्ये फोर्ड थांबली आणि २० ऑक्टोबर २०१७ ला एलिझाबेथच्या कारखान्यातून शेवटची होल्डन बाहेर आली. तीन वर्षांत नावही पुसलं गेलं.

आजोबांची गाडी त्यांच्या वडिलांनी हप्त्यावर घेतलेली. परवा त्यांना सांगितलं की मी गाडी शिकलो ती प्रीमियर पद्मिनीवर, तिचाही गिअर स्टिअरिंगच्याच दांड्याला असतो. त्यांनी काही न बोलता किल्ली माझ्या हातात दिली. एकच सूचना: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. गल्लीच्या टोकाला वळलो, गाडी जवळजवळ थांबली आहे असं समजून दांडा खाली ओढला आणि पोटातून कर्रर्र असा आवाज आला. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले.